पान सोळावरची तळटीप

प्रिय मास्तरीणबाई,

हे नाव मी तुला गमतीनं ठेवलं होतं. आज गमतीनं लिहीत नाही, पण ‘सूनबाई’ म्हणायचा हक्क मला उरलाय असं वाटत नाही, म्हणून तेच लिहिते. आज सोमवार. मुंगी शाळेत गेलीय, तिचे बाबा कामावर. तीन वाजेपर्यंत घरात मी एकटी. परवा, बुधवारी, मुंगीनं कोणाकडे राहायचं ते कोर्टात ठरणार. सात महिने तू त्या तारखेकडे डोळे लावून बसली असशील. मीही बसलेय, पण ती येऊच नये म्हणून. हे पत्र तुला तुझ्या वकीलबाईंच्या हातून मिळेल. माझी त्यांच्याशी गाठ कशी पडली, ते पुढे येईलच. तेवढं मधूनच उडी मारून शेवट वाचू नकोस. तू तुझ्या वर्गातल्या मुलांना सांगायचीस ना, वरून खाली, एकेक ओळ, तशी वाच.

आधी मुंगीचं सांगते, कारण तू तेच शोधत असशील. पुढचे दोन दात पडलेत. एक नवीन डोकावतोय, जरा तिरका आहे, पण दातांचे डॉक्टर म्हणाले काळजी करू नका, सरळ होईल. उंची वाढलीय, जुने दोन फ्रॉक मी खालून सोडून लांब केले. अजूनही काही ना काही उचलून दुसऱ्या खोलीत नेत असते. नाव उगाच नाही पडलं. पण आता ती नेलेल्या वस्तू लपवून ठेवते. तुझा एक मोजा तिच्या उशीच्या खोळीत सापडला. मी तो धुतला नाही, परत तिथंच ठेवला. बोलते कमी. तुझं नाव तर काढतच नाही. सुरुवातीला रोज विचारायची, मग एक दिवस विचारायची थांबली, आणि ज्या दिवशी थांबली त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं. हे मी लिहिते आहे कारण या पत्रात काही गाळायचं नाही असं देवासमोर ठरवून बसलेय.

गेल्या पंधरवड्यात एक पाकीट आलं. तुझ्या कॉलेजच्या ऑफिसातल्या कारकुनानं जुन्याच पत्त्यावर पाठवून दिलेलं. आत तुझं छापील पुस्तक, ‘स्यूडोकोडची पहिली ओळख’. चांगला कागद आहे, शाई हाताला लागत नाही. पोस्टमननं सही मागितली तेव्हा मी सही केली, आणि माझा लेक घरी यायच्या आत ते पाकीट चादरींच्या खाली सरकवून ठेवलं. उभ्या जन्मात मी त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. रोज दुपारी तो गेला की काढायचं, चार पानं वाचायची, परत ठेवायचं. चोरून गोड खावं तसं. सगळं ओळखीचं होतं. कुठली ओळ कुठल्या दुपारची, हेसुद्धा मला सांगता आलं असतं.

आठवतं, कसं सुरू झालं ते? मुंगीचे आजोबा गेले त्या वर्षी मी दुपारची नुसती भिंतीकडे बघत बसायची. तू कॉलेजातून आलीस आणि खुर्चीत धपकन बसून म्हणालीस की वर्गातली निम्मी मुलं माझ्याकडे बघतात आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच हलत नाही. पहिल्या वर्षाची ती पोरं, त्यांना मशीनच्या भाषेत लिहिण्याआधी आपल्या साध्या भाषेत पायऱ्या लिहायला शिकवायच्या, त्याला स्यूडोकोड म्हणतात, आणि एवढं सोपं असून ते त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मी म्हटलं, मला सांगून बघ. मी मॅट्रिक. त्यानंतर हिशेबाची वही सोडली तर मी हातात पेन्सिल धरली नव्हती. तू हसलीस आणि म्हणालीस, “आई, तुम्हाला कळलं तर वर्गात सगळ्यांना कळेल.” हा माझा मान होता की अपमान, हे मला अजून कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर आपला वर्ग भरायला लागला. तू जुन्या परीक्षेच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर पायऱ्या लिहायचीस, कारण कोरा कागद वापरलेला मला खपत नसे. आणि मी मशीन व्हायची. तू सांगितलेला नियम एकच, जे लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. मी शेजारी तक्ता आखायची, आकडा किंवा शब्द ठेवायच्या जागेला तू डबा म्हणायचीस, त्या प्रत्येक डब्याला एक रकाना, त्यात काय होतं आणि आता काय झालं. वर तारीख टाकायची. तारीख टाकल्याशिवाय मला कुठलंही पान सुरू करता येत नाही, हे तू चेष्टेनं सगळ्यांना सांगायचीस. शेजारीण एकदा खिडकीतून म्हणाली होती, सून कॉलेजात पगार घेऊन शिकवते आणि घरी सासूला फुकट शिकवते वाटतं. मी म्हटलं, फुकट कसलं, मी चुका पुरवते, त्याशिवाय हिचं पुस्तक व्हायचं कसं.

तयार फंक्शनांचा धडा आला तेव्हा मी तुला फार छळलं. बिल्ट-इन फंक्शन म्हणजे मशीनला आधीपासून येणारं काम. शब्दात अक्षरं किती हे हवं असेल तर एकेक अक्षर मोजायच्या पायऱ्या आपण लिहायच्या नाहीत, फक्त लेंग्थ असं लिहून कंसात शब्द द्यायचा, आकडा मिळतो. मी तरी बोटांवर मोजून बघायची. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा कसा? तू म्हणालीस, वाण्याचा काटा तुम्ही उघडून बघता का? वर ठेवलं, आकडा दिसला, झालं. मला ते पटलं, कारण एकदा झालेलं काम पुन्हा करणं ही उधळपट्टीच. पण काट्यात आणि यात फरक आहे हे तू हळूहळू शिकवलंस. कंसात काय द्यायचं आणि कुठल्या क्रमानं, हे आधी विचारून घ्यायचं. शब्दाचा तुकडा काढणारं ते सबस्ट्रिंग तीन गोष्टी मागतं, कुठला शब्द, कितव्या अक्षरापासून आणि किती अक्षरं. क्रम चुकवला की रुसून बसतं. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून मोजली जाते, यावर तर मी वैतागले होते. जिथं काहीच नाही ते कसं मोजायचं?

आणि मग ती राउंडची चूक. पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढायची होती. आली ६७.६. पुढची ओळ तू लिहिलीस, राउंड, कंसात सरासरी. त्यापुढची ओळ, सरासरी दाखव. मी सरासरीच्या रकान्यात ६७.६ खोडून ६८ लिहिलं आणि ६८ दाखवलं. तू म्हणालीस चूक. मी म्हटलं, चूक कशी, त्याला दिली, त्यानं पूर्ण आकडा केला, म्हणजे झाली ना पूर्ण. तू म्हणालीस, नाही आई, त्यानं अडुसष्ट हे उत्तर तुमच्या हातात दिलं, पण तुम्ही ते कुठं ठेवलंच नाही. सरासरीच्या डब्यात अजून ६७.६च आहे. उत्तर हवं असेल तर लिहावं लागेल, सरासरीच्या डब्यात राउंडचं उत्तर ठेव. फंक्शन नुसतं काढून देतं, घ्यायचं आपण असतं. मी दोन दिवस ऐकलं नाही. भाजी चिरताना वाद, कपडे वाळत घालताना वाद. माझा लेक म्हणाला, तुम्ही दोघी कशावरून भांडताय ते तरी कळू द्या, आणि कळल्यावर डोक्याला हात लावून निघून गेला. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप पुन्हा तक्ता मांडला, एकेक ओळ, आणि माझी चूक मला दिसली. रात्रीच्या जेवणाला मी ताट वाढताना म्हटलं, ६७.६. तू एवढी हसलीस की घास घशात अडकला. पुढच्या आठवड्यात वर्गात निम्म्या मुलांनी तीच चूक केली आणि मला इतका आनंद झाला की विचारू नकोस.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आता जे लिहायचंय तिथं हात जात नाहीये, आणि हात न्यायचा तर आधी जरा चालावं लागतं.

अकरा तारीख. त्या दुपारी आपण रँडमचा धडा घेतला. मशीन मनाला येईल तो आकडा देतं, एक ते सहामधला. मी मशीन, तर मनाला येईल तो आकडा मी कुठून आणू, म्हणून मुंगीच्या खेळातला फासा घेतला. रँडम आलं की मुंगीनं फासा टाकायचा. तुझ्या पायऱ्या अशा होत्या, जर रँडम सहा असेल तर ‘सहा पडले’ असं दाखव, नाहीतर ‘सहा नाही, पडले’ असं लिहून पुढं रँडम दाखव. मुंगीनं टाकला, चार. सहा नाही. पुढची ओळ, पुन्हा रँडम, म्हणजे पुन्हा फासा. पडले सहा. मी नियमाप्रमाणे लिहिलं, ‘सहा नाही, पडले ६’. मुंगी जी हसायला लागली ती टेबलाखाली गेली. तू म्हणालीस, हीच चूक मुलं करतात, एकदा विचारून आलेला आकडा डब्यात ठेवत नाहीत, दुसऱ्यांदा विचारतात आणि पहिलाच येईल असं धरून चालतात. मुंगीनं त्या कागदावर स्वतःचा एक सहा काढला, उलटा. तू लाल पेननं खूण केलीस, सही केलीस. मग घड्याळ बघितलंस, पुस्तकाचं प्रूफ आणायला कॉलेजात जायचं होतं, आणि पाचपर्यंत येते असं सांगून गेलीस.

तुझं आणि माझ्या लेकाचं वर्षभर बिनसलेलं होतं. त्याला दुसऱ्या गावी मोठी जागा मिळत होती, तू नोकरी सोडून यायला तयार नव्हतीस, आणि तो म्हणायचा की पोरांना साध्या भाषेत पायऱ्या लिहायला शिकवायची ती कसली नोकरी. मी दोघांच्या मधे येत नसे. त्याला मी शहाणपण समजायची. त्या दिवशी तो साडेतीनलाच आला. बरोबर कुलूपवाला. तुझे कपडे त्यानं दोन पिशव्यांत भरले आणि जिन्यात ठेवले. मी विचारलं, हे काय. म्हणाला, “आई, तू मधे पडू नकोस, मुंगीला आतल्या खोलीत घेऊन जा.” मी घेऊन गेले. मग परत येऊन, हे तुला सांगायला मला लाज वाटते, कुलूपवाल्याला मी चहा करून दिला. घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा, एवढंच हाताला ठाऊक होतं. तो म्हणाला, कुलूप चांगलं आहे, दहा वर्षं बघायला नको.

माझा लेक त्याला सोडायला खाली गेला आणि तेवढ्यात तू आलीस. मागच्या जिन्यानं आली असशील, कारण तुमची गाठ पडली नाही. आधी किल्लीचा आवाज. मग बेल. मग तू म्हणालीस, “आई, दार उघडा. तुम्ही आत आहात, मला माहीत आहे.” आतून नुसती कडी सरकवायची होती. माझा हात कडीवर होता. तू पुन्हा बेल वाजवलीस आणि मला वाटलं, मुंगी ऐकेल आणि पळत येईल, आणि मग मला काहीतरी एक करावं लागेल. म्हणून मी दारापासून मागं आले, मोरीतला नळ पूर्ण सोडला, आणि पाण्याच्या आवाजात तिला मोठ्यानं गोष्ट सांगत बसले. जी मी ठिबकणाऱ्या नळाखाली भांडं ठेवते, तिनं त्या दिवशी अर्धा तास पाणी वाहू दिलं. नळ बंद केला तेव्हा जिन्यात कोणी नव्हतं. पिशव्याही नव्हत्या.

त्यानंतरचं सगळं तिथूनच निघालं. एकदा उघडलं नाही की पुढच्या वेळी उघडायला तोंड राहत नाही. तू फोन केलेस, मी वाजू दिले. एकदा शाळेच्या फाटकासमोर तू रस्त्यापलीकडे उभी होतीस, निळा शर्ट, हातात मुंगीची पाण्याची बाटली. मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस, आणि मी मुंगीचा हात धरून मागच्या फाटकानं निघून आले. मग माझ्या लेकाच्या वकिलांचा कागद आला. त्यात माझ्या नावानं टाइप केलेलं होतं की तीन तारखेला सून भांडून, मुलीला टाकून, स्वतःहून घर सोडून गेली आणि पुन्हा फिरकली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, तीन नाही, अकरा, आणि स्वतःहून नाही. माझा लेक माझ्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि म्हणाला, “आई, तू सही केलीस तर मुंगी तुझ्याजवळ राहील. नाही केलीस तर ती आपल्या दोघांचीही राहणार नाही.” मी सही केली. वाचून केली. मी मॅट्रिक आहे, न वाचता केली असं म्हणायची सोय मला नाही. त्या संध्याकाळी मी देवासमोर बसले नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. नंतर बसायला लागले, हात जोडते, डोळे मिटते, पण मागणं तोंडातून निघत नाही. काय मागू? जे मागायचं ते तर मी आधीच चोरून घेऊन बसले होते.

माझा लेक वाईट आहे असं लिहायला हात धजत नाही. वाईट नाही असंही लिहवत नाही. तो मुंगीला अंघोळ घालतो, तिची पुस्तकं आवरतो, आणि रात्री कधी कधी तुझ्या रिकाम्या कपाटाचं दार उघडून बघतो आणि बंद करतो. तेवढं तुला कळलेलं असू दे. त्याहून जास्त मी त्याची बाजू घेणार नाही.

तर ते पुस्तक. पान सोळा, तयार फंक्शनांचा धडा, राउंडचं उदाहरण. त्याचा कच्चा मसुदा मी वाचला होता, तूच दिला होतास, तिथं तळाशी काही नव्हतं. आता आहे. बारीक अक्षरात. ‘ही चूक माझ्या पहिल्या विद्यार्थिनीने केली होती. मान्य करायला तिला दोन दिवस लागले, पण तिने ती मान्य केली.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अकरा तारखेला तू प्रूफ आणायला गेली होतीस, म्हणजे ही ओळ त्यानंतर घातलीस. दार बंद झाल्यावर. कदाचित मागच्या फाटकानंतरही. हा टोमणा आहे की तू अजून माझी वाट बघते आहेस, हे मला ठरवता आलं नाही. चार दिवस मी ती ओळ वाचत राहिले. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमणा मी गिळू शकते. पण तुझ्या तोंडून मी कधी टोमणा ऐकलेला नाही. तू जे लिहितेस ते तेवढंच असतं, त्यात मनाचं काही घातलेलं नसतं.

पाचव्या दिवशी मी सगळे तक्ते काढले. एकही फेकलेला नाही, तुला माहीतच आहे. अकरा तारखेचा सापडला. माझ्या अक्षरात तारीख, चार आणि सहा, मुंगीचा उलटा सहा, तुझी लाल खूण आणि सही. तीन तारखेला घर सोडून गेलेल्या बाईची. तो घेऊन मी तुझ्या वकीलबाईंकडे गेले. पत्ता कोर्टाच्या कागदावर होता. बाजारात जाते असं घरी सांगितलं, आणि येताना खरंच कोथिंबीर घेऊन आले, खोटं निदान अर्धंच राहावं म्हणून. बाई आधी माझ्याशी बोलायलाच तयार नव्हत्या. मग कागद पाहिला आणि खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, नुसत्या कागदानं काही होत नाही, तुम्हाला समोर उभं राहून सांगावं लागेल, आणि पलीकडचे वकील विचारतील की पहिल्यांदा एक सांगितलंत, आता दुसरं सांगता, तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा. मी म्हटलं, विचारू देत, मी काही फासा नाही. त्या हसल्या नाहीत. त्यांना ते कळायचं कारणही नव्हतं. तू असतीस तर हसली असतीस. खोट्या कागदावर सही केल्याबद्दल मला काय होऊ शकतं तेही त्यांनी सांगितलं. ते माझं मी बघेन. बुधवारी मी उभी राहणार आहे. माझ्या लेकाला हे मी उद्या जेवणाआधी सांगेन. त्यानंतर या घरात मला किती दिवस जागा राहील माहीत नाही. धाकट्या बहिणीला कळवून ठेवलंय, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे.

मुंगीबद्दल थोडं लिहून ठेवते, पुढं विचारायला मी नसेन म्हणून. दूध ग्लासात पीत नाही, वाटीत पिते. ताप आला की सांगत नाही, कोपऱ्यात जाऊन बसते, तेव्हा कपाळाला हात लावून बघत जा. शाळेत तिच्याशेजारी बसणारी मुलगी तिला चिमटे काढते, बाईंना मी सांगितलंय, तू पुन्हा सांग. आकडे शंभरपर्यंत येतात. सहा आता सरळ काढते.

आता हे पत्र मी का लिहिलं ते. क्षमा मागायला नाही, ती मागायला मी तुझ्या दारात यायला हवं, आणि ते दार उघडायचं की नाही हे तुझ्या हातात असायला हवं. लिहिलं ते यासाठी की वकीलबाई म्हणतात, निकाल तुझ्या बाजूनं लागला तर त्याच दिवशी मुंगीला तुझ्या हवाली करतील. तू हात पसरशील. आणि ती तुझ्याकडे पाठ फिरवेल. सात महिने तिला सांगितलं गेलंय की तू तिला टाकून गेलीस. तिचे बाबा सांगायचे, आणि ती माझ्याकडे बघायची, आजी, खरं? मी मान हलवायची. म्हणून सांगते, तिनं पाठ फिरवली तर ती पाठ तिची समजू नकोस. काल दुपारी तिचे बाबा बाहेर गेले तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, आई गेली नव्हती, आई दाराबाहेर होती, दार आजीनं उघडलं नाही. ती बराच वेळ फ्रॉकचं बटण फिरवत राहिली. मग म्हणाली, “मला बेल ऐकू आली होती.” एवढंच. आज सकाळी तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली नाही. मी कंगवा घेऊन उभी, आणि ती मोकळ्या केसांनीच शाळेत गेली. तिला माझ्या बाजूनं समजवायला जाऊ नकोस. तुझ्यावरचा राग एका दिवसात जायचा नाही, पण ती लहान आहे, आणि घाबरली की कोणाच्या तरी मागं लपतेच. बुधवारी माझं बोलून झालं की मी बाहेर निघून जाईन, तिच्या आसपास थांबणार नाही. म्हणजे तिला लपायला तुझ्याशिवाय कोणी नसेल.

तुझीच,
मुंगीची आजी